टाइमशेअरवर जोडीदाराचं नाव: टायटल विभागाला साडेतीन तारे, सेल्सच्या टेबलाला एकही नाही

काम खरं तर कारकुनी आहे. टाइमशेअरच्या, म्हणजे रिसॉर्टमध्ये सुट्टीचे ठरावीक दिवस राहण्याच्या विकत घेतलेल्या हक्काच्या, खात्यावर एक नाव आहे, दुसरं चढवायचं. पण ऑरलँडोच्या एखाद्या रिसॉर्टमध्ये चेक-इन करताना हा विषय काढला की खोलीच्या चावीबरोबर शेजारच्या टेबलाकडे रवानगी होते. "पार्किंग पास तिथे मिळेल, नावाचंही तेच बघतील." ते टेबल सेल्सचं असतं. तिथल्या माणसाला मालकीहक्काच्या नोंदीत एक अक्षरही बदलता येत नाही. त्याला फक्त नवा करार विकता येतो.

अमेरिकेतल्या टाइमशेअर कंपन्या ही सेवा जशी देतात, तिचा हा आढावा. उदाहरणं मुख्यतः फ्लोरिडाची आहेत. इतर राज्यांत शुल्क आणि मुदती वेगळ्या, पण रस्ता साधारण हाच.

आधी एक गोंधळ मिटवू. "नाव चढवणं" म्हणजे दोन अगदी वेगळी कामं असतात. एक, जोडीदाराला खात्यावर अधिकृत व्यक्ती म्हणून नोंदवणं. मग तो किंवा ती फोन करू शकते, बुकिंग करू शकते, एकटी गेली तरी चेक-इन होतं. दुसरं, मालक म्हणून टायटलवर, म्हणजे मालकीहक्काच्या नोंदीत, आणणं. पहिल्यासाठी बहुतेक कंपन्यांत एक फॉर्म आणि मूळ मालकाची सही पुरते. त्यातून जोडीदारावर मेंटेनन्स फीची (रिसॉर्टच्या देखभालीच्या वर्गणीची) जबाबदारी येत नाही. दुसऱ्यात येते, आणि पूर्ण येते. एकाने भरली नाही तर कंपनी दुसऱ्याकडून सगळी रक्कम मागू शकते. पुढे घटस्फोट झाला किंवा टाइमशेअर विकायचा झाला तर दोघांच्या सह्या लागतात आणि नाव काढण्याचा खर्च पुन्हा तेवढाच येतो. नुसतं बुकिंग जोडीदाराने करावं एवढीच गरज असेल तर पहिल्यावर थांबावं. नव्याण्णव टक्के भांडणं इथेच टळतात, असं म्हणायचा मोह होतो. आकडा काही मोजलेला नाही, पण टळतात खरी.

मालक म्हणून नाव घालण्याचं भक्कम कारण एकच, वारसा. डीडवर (मालकीच्या दस्तावर) एकच नाव आहे, राहणं न्यू जर्सीत आणि टाइमशेअरचा आठवडा फ्लोरिडातला. मालक गेला तर न्यू जर्सीतल्या प्रोबेटशिवाय (मृत्यूनंतर मालमत्ता वारसांकडे देण्याची कोर्टाची प्रक्रिया) फ्लोरिडात वेगळं प्रोबेट चालवावं लागू शकतं. पाच-सात दिवसांच्या सुट्टीच्या हक्कासाठी दोन राज्यांतले वकील. डीडवर पती-पत्नी म्हणून दोघं असतील तर फ्लोरिडात ती मालकी टेनन्सी बाय द एन्टायरटी धरली जाते आणि मागे राहिलेला जोडीदार आपोआप पूर्ण मालक होतो. "पती-पत्नी" हे शब्द डीडमध्ये गाळू नयेत. साउथ कॅरोलायनात, म्हणजे मर्टल बीच किंवा हिल्टन हेडच्या आठवड्यांसाठी, सर्व्हायव्हरशिपचा हक्क, म्हणजे एक गेल्यावर सगळं दुसऱ्याचं, हा शब्दांत लिहावाच लागतो. नाही लिहिला तर दोघं अर्ध्या-अर्ध्याचे मालक ठरतात आणि प्रोबेट पुन्हा दारात.

आता प्रत्यक्ष काम. जुन्या फाइलमध्ये रेकॉर्डिंगचा (सरकारी नोंदीचा) शिक्का असलेलं डीड आहे का ते पाहावं. सापडत नसेल तर काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाच्या) संकेतस्थळावर ऑफिशियल रेकॉर्ड्समध्ये नावाने शोधता येतं, फुकट. डीड नसेल, नुसतं क्लबचं सभासदत्व असेल, तर सगळं काम कंपनीच्याच फॉर्मवर होतं. विवाह प्रमाणपत्राची प्रत, दोघांचं ओळखपत्र, शुल्क, आणि झालं.

डीड असेल तर पहिला फोन कंपनीच्या टायटल किंवा ओनरशिप सर्व्हिसेस विभागाला. रिसॉर्टला नको आणि "ओनर अपडेट"वाल्यांना, म्हणजे त्या सेल्सच्या टेबलाला, तर नकोच. चार गोष्टी विचाराव्यात आणि उत्तरं ईमेलवर मागावीत: ट्रान्सफर फी किती, डीड रेकॉर्ड करण्याआधी मंजुरी लागते का, कंपनीचा पहिल्या खरेदीचा हक्क (दुसऱ्याला देण्याआधी स्वतः घेण्याचा) कुटुंबातल्या बदलाला लागू आहे का, आणि मूळ मालक कायम राहिल्यास सध्याचा दर्जा आणि सवलती तशाच राहतात का. शेवटचा प्रश्न लोक विसरतात. फी काही ठिकाणी शंभर डॉलरच्या आत, काही ठिकाणी तीनशेच्या आसपास. मेंटेनन्स फी थकलेली असेल तर काम पुढे सरकत नाही.

डीड मूळ मालक स्वतःकडून "स्वतः आणि जोडीदार" यांना करून देतो. फ्लोरिडात त्यावर सही फक्त देणाऱ्याची, दोन साक्षीदारांची आणि नोटरीची. घेणाऱ्या जोडीदाराची सही लागत नाही, म्हणजे ती व्यक्ती तेव्हा पुण्यात असली तरी अडत नाही. १ जानेवारी २०२० पासून तिथे ऑनलाइन नोटरीही चालते. २०२४ पासून साक्षीदारांच्या नावाखाली त्यांचा पत्ताही लागतो. जुना नमुना उतरवून घेणाऱ्यांचं डीड बरेचदा इथेच परत येतं. पहिल्या पानावर वर उजव्या कोपऱ्यात तीन इंच बाय तीन इंच जागा कोरी सोडायची, ती शिक्क्याची. डीड कोणी तयार केलं त्याचं नाव-पत्ताही लिहायचा, स्वतः केलं असेल तर स्वतःचा.

मालमत्तेचं वर्णन जुन्या डीडवरून शब्दाला शब्द उतरवावं. युनिट क्रमांक, आठवडा, दर वर्षी की सम-विषम वर्षी, अविभाजित हिश्श्याचा अपूर्णांक, सगळं. "विषम वर्षी" हे दोन शब्द गळले तर कागदावर जे हस्तांतरित झालं ते तुमच्याकडे कधी नव्हतंच.

आणि काउंटी तपासा. पत्त्यात ऑरलँडो किंवा किसिमी आहे म्हणून गृहीत धरू नका. डिस्नीच्या आसपासचे रिसॉर्ट काही ऑरेंज काउंटीत, काही ऑसिओलात आहेत. ऑरेंजमध्ये नोंद कम्प्ट्रोलरच्या कार्यालयात होते, ऑसिओलात क्लार्क ऑफ कोर्टकडे. हवाईत काउंटीचा प्रश्नच नाही, संपूर्ण राज्याचं एकच ब्युरो ऑफ कन्व्हेयन्सेस आहे.

खर्च बघा. फ्लोरिडात रेकॉर्डिंगचे पहिल्या पानाला १० डॉलर आणि पुढच्या प्रत्येक पानाला ८.५०. दोन पानी डीड १८.५० मध्ये बसतं. मोबदला म्हणून रिवाजाप्रमाणे १० डॉलर लिहिले असतील तर स्टॅम्प ड्यूटी ७० सेंट. कर्ज बाकी असेल तर मात्र गणित बदलतं. अर्ध्या मालकीसोबत अर्धं कर्जही दिलं असं धरून शंभराला ७० सेंट. म्हणजे १२,००० बाकी असेल तर ६,००० वर ४२ डॉलर. डीड तयार करून रेकॉर्ड करून देणाऱ्या क्लोजिंग कंपन्या दोन-तीनशे डॉलर घेतात. वर्णन लांबलचक असेल किंवा राज्य अनोळखी असेल तर तेवढे द्यावेत, तिथे काटकसर नको.

आपल्याकडच्या लोकांची हमखास अडचण नावाची. पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये नवऱ्याचं नाव जोडलेलं, ड्रायव्हिंग लायसन्सवर ते मधलं नाव झालेलं, विवाह प्रमाणपत्रावर माहेरचं आडनाव. डीडवर ज्या ओळखपत्राने पुढे सही करायची त्यावरचंच नाव घालावं आणि विवाह प्रमाणपत्रावरचं नाव "ऊर्फ" म्हणून जोडता येईल का ते टायटल विभागाला आधीच विचारावं. रेकॉर्ड झाल्यावर दुरुस्ती म्हणजे नवं डीड, नवं शुल्क.

रेकॉर्ड झालेल्या डीडची प्रत कंपनीला पाठवली की त्यांच्या नोंदीत बदल व्हायला काही आठवडे जातात. टायटल विभागाचा दीड तारा इथेच कापला. फोनवर माणसं नीट बोलतात, माहितीही बरोबर देतात, पण कागद मिळाल्याचं स्वतःहून कळवतील ही आशा नको. पुढच्या मेंटेनन्स बिलावर दोन्ही नावं आली का, ते आपणच बघायचं.

आता ते टेबल. "अपडेट" हा शब्द मालकाला सक्तीचा वाटावा म्हणून निवडलेला आहे. मालकाने जायलाच हवं असा नियम नसतो. पार्किंग पास मुख्य काउंटरवर मागितला की निमूट मिळतो. दोघांनी हजर राहण्याची अटही खरी आहे, पण ती त्या भेटीबद्दल मिळणाऱ्या गिफ्ट कार्डासाठी, टायटलसाठी नव्हे. नव्वद मिनिटं सांगतात, पण पहिला विक्रेता थकला की दुसरा "मॅनेजर" येतो आणि घड्याळ नव्याने सुरू होतं.

नाव चढवण्याचा विषय हाती लागला की ठरलेली वाक्यं येतात. "तुमचं खातं जुन्या पद्धतीचं आहे, पॉइंट्समध्ये बदलल्याशिवाय नाव घालता येत नाही." ठरावीक आठवड्याऐवजी पॉइंट्स (गुण) घेण्याचा हा बदल म्हणजे नवी खरेदी. "आज केलंत तर ट्रान्सफर फी माफ." दोनशे डॉलर वाचवायला वीस हजारांचा करार, आणि कंपनीचं कर्ज घेतलं तर व्याज बहुधा दोन आकडी. "तुमच्या मागे मुलांच्या गळ्यात पडेल." मुलांना वारसा नाकारता येतो. केंद्रीय करकायद्यात त्यासाठी नऊ महिन्यांची मुदत आहे. गळ्यात पडतं ते आज त्यांची नावं डीडवर घातली तर.

त्या टेबलावरचा कागद नीट बघा. आकडे जाड मार्करने कोऱ्या कागदावर लिहिले जातात, मोठे, गोल, खाली दोन रेघा. तो कागद मागा किंवा फोटो काढा. बहुतेकदा तो चटकन उलटा होतो. छापील करारात तोंडी आश्वासनांवर आपण विसंबलो नाही अशी ओळ असते आणि तिच्यापुढे तुमची आद्याक्षरं घेतात. "प्रोफाइल अपडेट" म्हणून जोडीदाराचा सोशल सिक्युरिटी नंबर मागितला तर देऊ नये. अधिकृत व्यक्ती नोंदवायला तो लागत नाही, लागतो तो कर्जाच्या किंवा क्रेडिट कार्डाच्या अर्जाला.

आणि आपला भिडस्तपणा. "बघू", "घरी बोलून सांगतो" हे आपल्यात सभ्य नकाराचे शब्द आहेत, पण त्या टेबलावर त्याचा अर्थ "अजून थोडं दाबा" असा होतो. जोडीदार शेजारीच बसलेला असताना घरी कोणाशी बोलणार, हा प्रश्न लगेच येतो. "नाही, आज काही घेणार नाही" एवढंच म्हणावं. कारण सांगू नये. दिलेल्या प्रत्येक कारणाला त्यांच्याकडे पाठ केलेलं उत्तर असतं.

सही झालीच असेल तर दिवस मोजायला लागा. फ्लोरिडात करार रद्द करायला १० दिवस मिळतात, सहीपासून किंवा शेवटचा आवश्यक कागद मिळाल्यापासून, यांतलं जे नंतर असेल तिथून. कॅलिफोर्निया आणि हवाईत ७, नेवाडात ५. फ्लोरिडातला हक्क सोडून दिल्याची सही घेतली तरी ती कायद्याने फुकट. फोन करून रद्द होत नाही, उलट "आमचा माणूस उद्या बोलेल" म्हणत दिवस घालवतात. करारात रद्द करण्याचा जो पत्ता दिला आहे तिथेच पत्र सर्टिफाइड मेलने (पाठवल्याची पावती देणाऱ्या टपालाने) पाठवा: करार क्रमांक, तारीख, करारावरच्या सगळ्या खरेदीदारांची नावं आणि सह्या, आणि "हा करार रद्द करत आहोत" हे एक वाक्य. कारणं नकोत. फ्लोरिडात टपालाचा शिक्का मुदतीतला असला की पुरे. पैसे परत करायला कंपनीला पत्र मिळाल्यापासून साधारण २० दिवस असतात. रद्द करण्याच्या सूचना फोल्डरच्या आतल्या कप्प्यात किंवा दिलेल्या यूएसबीवर दडलेल्या असतात, आधी त्या शोधा.

डीड रेकॉर्ड झालं की जोडीदाराचं नाव सार्वजनिक नोंदीत जातं आणि काही आठवड्यांत पत्रं सुरू होतात. एक सरकारी वाटणारं, "डीडची प्रमाणित प्रत मागवा" म्हणून शंभरेक डॉलर मागणारं. तीच प्रत काउंटीकडे काही डॉलरमध्ये मिळते. मग फोन: "तुमच्या टाइमशेअरला गिऱ्हाईक तयार आहे, फक्त कर आधी भरा." अशाच फसवणुकीसाठी अमेरिकेच्या ट्रेझरी खात्याने २०२३ साली मेक्सिकोतल्या पोर्तो वायार्ता भागातल्या, ड्रग कार्टेलशी जोडलेल्या कंपन्यांवर निर्बंध घातले. हे फोन मूळ मालकाला सवयीचे असतात, नव्या नावाला नसतात. जोडीदाराला आधीच सांगून ठेवा.