डेली सिटीतील जॉलीबी
फिलिपिन्समधील क्वेझॉन सिटीत १९७५ साली आइस्क्रीमच्या दुकानापासून सुरू झालेल्या जॉलीबी या फास्ट फूड साखळीने अमेरिकेतील पहिली शाखा १९९८ मध्ये उघडली, ती फिलिपिनो कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या कॅलिफोर्नियातील डेली सिटीत. कुरकुरीत चिकनजॉय (तळलेले चिकन), सोबत भात आणि ग्रेव्ही हा बेत उत्तमच आहे. हॉट डॉगचे तुकडे व किसलेले चीज घातलेली स्पॅगेटी मात्र आपल्या जिभेला फारच गोड लागते. शेजारच्या टेबलावरील आजी तीच स्पॅगेटी नातवाला भरवत, इंग्रजीत टागालोग ही फिलिपिन्सची भाषा मिसळून, त्याच्या आईच्या लहानपणीच्या वाढदिवसांच्या गोष्टी सांगत होत्या, आणि त्या ऐकताना या गोडव्याचे मोल मला मनापासून पटले. पीच-मँगो पाय गरम असतानाच खावा.