ताप कशानं बघायचा: कपाळावर रोखून की काखेत धरून?

परवा धाकट्या जावेचा विश्रामबागेतल्या मेडिकलमधून फोन. "ताई, ताप लांबून बघायची ती गन घेऊ की साधा डिजिटल थर्मामीटर?" तिचा मुलगा अडीच वर्षांचा, आणि ऐंशीला टेकलेले मामंजी सध्या तिच्याकडे. "आधी साधा घे, बाकीचं घरी आलीस की बोलू," म्हटलं. माझ्याकडे दोन्ही आहेत, आणि गननं मला एकदा फसवलंय.

गन आमच्याकडे आली २०२० मध्ये. तेव्हा सांगलीत प्रत्येक दुकानाच्या दारात कुणीतरी ती घेऊन उभं असायचं. भर उन्हातून चालत गेलं तरी आकडा ९४, आणि "जावा आत". ९४ म्हणजे काय, हे विचारायचं तेव्हा सुचलं नाही. आपल्या कपाळाची कातडी आतल्या शरीरापेक्षा थंडच असते, ९२ ते ९५ फॅरनहाइटच्या आसपास. गन ती कातडी बघते. कातडीतून सतत बाहेर पडणारे इन्फ्रारेड किरण ती टिपते आणि त्यावरून जिभेखाली किती असेल याचा हिशोब करून आकडा दाखवते. म्हणजे दिसतो तो अंदाज. तिच्यातून आपल्याकडे काही येत नाही, त्यामुळे मेंदूला अपाय होतो म्हणून तेव्हा लोक मनगट पुढे करायचे, ती भीती फुकाची होती.

साध्या डिजिटलचं टोक अंगाला लागतं, अंगाइतकं गरम होतं, आकडा चढायचा थांबला की टुकटुक वाजतं. मध्ये फारसा हिशोब नाही. चांगल्या यंत्राची चूक साधारण ०.२ फॅरनहाइटच्या आत असते. गनच्या खोक्यावरही असाच गोड आकडा छापलेला असतो, पण तो स्थिर खोलीतला, कोरड्या कपाळाचा. आपल्या घरात ताप आल्यावर कपाळ कोरडं असतं का?

इथंच माझी फजिती झाली. मुलीला १०२ ताप. आईंनी मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. अर्ध्या तासानं मी पट्टी उचलली, गन रोखली, ९७.१. घरात सगळे खूश. काखेत धरला तर १०१.६. पट्टीनं गार झालेलं कपाळच गननं मोजलं होतं. घामानं ओलं कपाळ, खोबरेल तेल, कपाळावर आलेले केस, थेट पंख्याखाली झोपलेलं मूल, सगळ्यांची तीच गत. उलट मे महिन्यात सांगलीत पारा चाळिशीला असताना शाळेतून उन्हातून आलेलं पोर गनवर तापलेलं दिसतं. कपाळ पुसून, दहा-पंधरा मिनिटं सावलीत बसवून मगच बघावं. गनलाही तोच नियम. एसीच्या गाडीतून आणून लगेच वापरली तर ती भरकटते. ज्या खोलीत मोजायचं तिथं तिला अर्धा तास तरी पडू द्या.

याहून फसवी वेळ हुडहुडीची. थंडी वाजून ताप चढत असतो तेव्हा शरीर कातडीकडचं रक्त आत ओढून घेतं. हातपाय, कपाळ गार लागतं आणि आत पारा वर जात असतो. दात वाजत असलेल्या माणसाचा गनवरचा ९८ मी तरी मानणार नाही. काखेतला आकडाही तेव्हा थोडा मागे राहतो. तोंडात धरता आला तर उत्तम, नाहीतर थंडी ओसरल्यावर पुन्हा बघायचं.

मग गन घ्यायचीच कशाला? रात्री दोनसाठी. पोर नुकतंच झोपलंय, औषध देऊन तासभर झालाय, ताप उतरतोय की चढतोय एवढंच कळायला हवं. तेव्हा काखेत गार टोक सारलं की पुढचा तासभर रडणं. गन कपाळाच्या मध्यावर तीन ते पाच सेंटिमीटरवर धरायची (नेमकं अंतर आपल्या यंत्राच्या कागदात बघा), एका सेकंदात काम. तीनदा मोजायचं, आकडे दोन-तीन दशांशांच्या आत असले तर ठीक. मागच्या वेळी १०१, आता ९९.५, या उतारासाठी गन चांगली. घरात चौघे एकदम आडवे असतील तर प्रत्येकानंतर टोक धुवायचा ताप वाचतो, तेही खरं.

गनवर एक बटण असतं, शरीर की वस्तू असं बदलणारं. पोरं खेळताना ते दाबतात. मग गन कातडीचा कच्चा आकडा दाखवते, ताप असूनही ९५. दुधाचं, भिंतीचं तापमान बघायची सोय म्हणे. दुधाला आपलं बोट आहे. आणि कुपवाड एमआयडीसीत कामाला असलेले घरातले कुणी कारखान्यातली लाल ठिपक्याची गन आणतील, तर नमस्कार करून परत पाठवा. ती भट्टी आणि मोटरीसाठी असते. दोन सेल्सिअसची चूक तिथं चालते. आपल्या भाषेत ती साडेतीन फॅरनहाइट होते, ९८.६ आणि १०२ मधला सगळा फरक त्यात गडप.

साधा वापरतानाही नीट धरायला हवा. काख पुसून कोरडी करायची, टोक खोबणीच्या मधोमध, हात छातीशी घट्ट. टुकटुक झाल्यावरही मी मिनिटभर ठेवते, आकडा थोडा चढतोच. तोंडात धरायचा तर चहानंतर वीस मिनिटं थांबायचं. दमेकरी, तोंडानं श्वास घेणारं माणूस, लहान मूल, यांच्यासाठी काखच. काखेतला आकडा तोंडापेक्षा अर्धा ते एक अंशानं कमी येतो. त्यात स्वतः मिळवत बसू नका, डॉक्टरांना "काखेत १००.२" असंच सांगा. आणि बटन सेलचं झाकण घट्ट बसतंय ना ते बघा. पोरानं तो सेल गिळला तर तापापेक्षा मोठं संकट.

काचेचा पाऱ्याचा कपाटात असेल तर तो आता वापरात नको, फुटला की पारा घरभर. कानातला मशीन महाग, मळ असेल तर चुकतो, सहा महिन्यांखालच्या बाळाला नकोच.

पैशांचं म्हणाल तर साधा दोनशेच्या आसपास, बरी गन हजाराच्या घरात. एकच घ्यायचा तर साधा. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर नंतर गनही घ्या, पण गनवर १०० च्या पुढं दिसलं, किंवा गन नॉर्मल म्हणते आणि पोर मलूल आहे, तर साध्यानं पडताळा. तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल आणि १००.४ दिसलं, तर कुठल्या यंत्रानं बघितलं याची चर्चा वाटेत करा, आधी दवाखाना.

मामंजींची गोष्ट वेगळी. म्हाताऱ्या माणसांचा ताप पुष्कळदा वर चढतच नाही. त्यांचा नेहमीचा आकडाच खाली असतो, त्यापेक्षा दोन अंश वाढला तरी तो ताप समजायचा. म्हणून जाऊ घरी आली तेव्हा आम्ही सगळ्यांचे बरे असतानाचे आकडे घेतले, काखेतला आणि कपाळावरचा, आणि औषधाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवले. मामंजींचा काखेत निघाला ९६.४. "म्हणजे मी गारच की," म्हणाले, आणि स्वेटर मागवला.