दर रास्त, हिशेब मात्र दिसत नाही

चिपळूणमध्ये एका सेवाभावी संस्थेचे जुन्या कपड्यांचे दुकान आहे. तेथे गेल्या दीड वर्षात मी चार-पाचदा खरेदी केली. दारातच डांबरगोळ्यांचा वास येतो आणि तो मला आश्वासक वाटतो, कारण कोकणच्या पावसाळ्यात बंद कपाटातल्या कपड्यांनाही कसर लागते. परवा ६० रुपयांना घेतलेल्या सुती शर्टाची कॉलर उलटवून शिवलेली होती आणि सैल झालेले बटण गल्ल्यावरच्या बाईंनी माझ्यासमोर पक्के करून दिले. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी शहरात शिरले, त्याची रेघ भिंतीवर अजून पुसट दिसते. तेव्हापासून खालचा कप्पा मुद्दाम मोकळा ठेवतात.

आता मात्र वरचे कप्पेही मोकळे दिसू लागले आहेत. बाईंच्या म्हणण्यानुसार चांगले कपडे लोक मोबाइलवरून परस्पर विकतात आणि येथे येते ते बहुधा विटलेले पॉलिस्टर, कधीकधी न धुतलेलेही, जे गोधडीच्या अस्तरालासुद्धा कोणी घेत नाही.

‘फुकट मिळालेले विकता कसे?’ हा गावातला आक्षेप मला पटत नाही. जागेचे भाडे, धुलाई आणि निवडणाऱ्यांची मजुरी कोठून तरी यायलाच हवी. शिवाय साड्यांच्या बदल्यात पातेले देणाऱ्या बोहारणीला, त्या साड्या पुढे कितीला विकल्या, असे आपण कधी विचारले नाही. अर्थात, बोहारीण धर्मादायाचे नाव लावत नव्हती. १९९९ साली सुरू झालेली ‘गूंज’ ही सेवाभावी संस्था गावकामाच्या मोबदल्यात कपडे देते, त्यामुळे कपड्याचे पुढे काय झाले ते गावाला समोर दिसते. येथे विक्रीचा पैसा मुलांच्या वसतिगृहाला जातो असे तोंडी सांगतात. फलकावर केवळ ‘सहकार्याबद्दल आभार’.

मी दोन पिशव्या कपडे दिले, त्याची पोच मिळाली नाही. वस्तुरूप दानाला आयकरात सवलत नसते, त्यामुळे पावती त्यासाठी नको होती. पण मागितल्यावर ‘विश्वास नाही का?’ असे ऐकावे लागले, हे खटकले. दान आटण्याचे एक कारण मला त्या उत्तरातच दिसले.

तरीही शाळेचे गणवेश आणि सुती साड्यांसाठी दुकान उत्तम आहे. निवडलेला माल मंगळवारी सकाळी बाहेर काढतात. दुपारनंतर गेल्यास पॉलिस्टरच उरलेले असते.