स्प्रिंगची रायफल की पीसीपी? घरी निगा राखणाऱ्याने काय पाहावे

नळी सांध्यात खाली वाकवून स्प्रिंग ताणायची ब्रेक बॅरल एअर रायफल घ्यावी की सिलिंडरमधील दाबलेल्या हवेवर चालणारी पीसीपी, हे ठरवताना किंमत आणि अचूकता सगळेच पाहतात. बिघाड झाल्यावर घरी काय करता येईल, हे मात्र खरेदीनंतर सुचते.

स्प्रिंगच्या रायफलीला हवा भरण्याची यातायात नसते आणि तिचा दोष बहुधा हळूहळू दिसू लागतो. छर्रा नेहमीपेक्षा खाली लागत असेल, तर नळीच्या सांध्यावर टिश्यू पेपरचा कपटा ठेवून सुरक्षित ठिकाणी एक छर्रा झाडावा. कपटा उडाला तर सांध्यातला वॉशर गेला आहे आणि तो सहज बदलता येतो. पिस्टनचा वॉशर किंवा मुख्य स्प्रिंग बदलणे मात्र वेगळे काम आहे, कारण रायफल ताणलेली नसतानाही आतली स्प्रिंग दाबाखाली असते आणि योग्य शिकंज्याशिवाय मागचा भाग उघडल्यास ती अंगावर येऊ शकते. तेलाच्या बाबतीत मी स्वतः चूक केली आहे. हवेच्या छिद्रात दोन थेंब सोडले आणि पुढच्याच छर्र्याला कडाड आवाज होऊन नळीतून धूर निघाला, कारण दाबामुळे तापलेल्या हवेत ते तेल पेटले होते. चामडी वॉशरच्या जुन्या रायफलींना थोडे तेल लागते, कृत्रिम वॉशरला नाही. छर्रा न घालता घोडा ओढणे तर दोन्ही प्रकारच्या वॉशरना वर्ज्य.

पीसीपीला धक्का जवळजवळ नसतो, म्हणूनच १० मीटर स्पर्धेत ४.५ मिमी छर्र्याच्या याच रायफली दिसतात. तिचे दुखणे म्हणजे गळती. रात्री मापकावरचा आकडा लिहून ठेवावा, सकाळी पुन्हा पाहावा आणि तो उतरला असेल तर सांध्यांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे शोधावेत. सांध्यातून हवा गळू न देणारी रबरी कडी, म्हणजे ओ-रिंग, स्वस्त असते, पण ती बदलण्याआधी छर्रा काढून सगळी हवा सोडलीच पाहिजे, आणि वंगण म्हणून फक्त सिलिकॉन ग्रीस वापरावे. कोकणातल्या दमट हवेत हातपंपाने भरणाऱ्याने आर्द्रता शोषणारा फिल्टर लावावा, नाहीतर पाणी थेट सिलिंडरमध्ये साचते. प्रत्येक छर्र्यामागचा हवेचा दाब सारखा ठेवणारा रेग्युलेटर बिघडला तर तो कारागिराकडेच द्यावा.

हवा भरून देणारी नेमबाजीची रेंज जवळ असेल तर मी पीसीपी घेईन, अन्यथा स्प्रिंगची. जुनी पीसीपी घेत असाल तर सिलिंडरवर कोरलेली तारीख आधी वाचा: स्पर्धेच्या रायफलींचे सिलिंडर साधारणपणे १० वर्षांनी बाद करायचे असतात.