म्हापसा-कोल्हापूर बस: गाडी चांगली, बुकिंगची साइट मात्र दादाला वापरता येत नाही
माझ्या दादाला दिसत नाही, तो लॅपटॉपवर एनव्हीडीए वापरतो, फुकट मिळणारा स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम) आहे आणि खरंच भारी आहे, एच दाबला की पुढचं हेडिंग, के दाबला की पुढची लिंक. पण ह्या साइटवर हेडिंगं नुसती मोठ्या अक्षरात लिहिलीयत, कोडमध्ये हेडिंग नाहीच, मग एच दाबून काय होणार? वरचा मेनू माउस नेला तरच उघडतो, कीबोर्डने नाही. 'थेट मजकुराकडे जा' अशी लिंक पण नाही म्हणून प्रत्येक पानावर टॅब दाबत त्याच सगळ्या लिंका परत ऐकायच्या. मी माउस बाजूला ठेवून बघितलं तर टॅब कुठे पोचलाय तेच दिसेना, फोकसची चौकटच काढून टाकलीय! सीट निवडायला गेला तर "बटण, बटण, बटण", नंबर नाही, खिडकीची कुठली ते कळत नाही.

शेवटी तिकीट मीच काढलं. तो काही बोलला नाही पण मला फार वाईट वाटलं, बँकेची कामं एकटा करतो हो तो.

हे सगळं डब्ल्यूसीएजीच्या, म्हणजे वेबसाइट दिव्यांगांनाही वापरता यावी म्हणून केलेल्या नियमांत 2008 पासून लिहिलेलं आहे, आणि पणजीत 2023 पासून दिव्यांगांसाठीचा पर्पल फेस्ट होतो, तरी आपल्याकडची साइट अशी?

गाडी वेळेवर सुटली, क्लीनरने दादाला नीट हात धरून उतरवलं, त्याचे मनापासून आभार. गाडीला 4 स्टार, साइटला 1. मेनूला साधं बटण आणि सीटला नंबर द्या, मी येऊन स्टार वाढवीन.