पीएफचा पैसा फ्लॅटमध्ये घातला, वर्षभर भाडं घेतल्यावरचा हिशोब

रिटायर झाल्यावर पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून जे हातात आलं त्यातल्या साधारण निम्म्या पैशात वन बीएचके घेतला, लोन न काढता, भाड्याने द्यायचा म्हणूनच. आता वर्ष होत आलंय, भाडेकरू चांगला आहे, भाडं वेळेवर येतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण आकडे बघा.

फ्लॅट 48 लाखांचा, त्यावर मुद्रांक शुल्क, नोंदणीचे 30 हजार, रंग आणि प्लंबिंग धरून 51 च्या पुढे गेलो. भाडं 15 हजार, म्हणजे वर्षाचे 1 लाख 80 हजार, ऐकायला बरं वाटतं. त्यातून मेंटेनन्स महिन्याला 2,500, वर नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नसला की सोसायटी लावते ते; हे मेंटेनन्समधल्या सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त लावता येत नाहीत, सोसायटीची कमिटी जास्त मागत होती, सरकारी आदेशाची झेरॉक्स दिल्यावर गप्प), मग घरपट्टी, आणि सुरुवातीला एक महिना रिकामा गेला तो वेगळाच. हातात उरले सव्वा लाखाच्या आसपास, अडीच टक्केसुद्धा नाही हो! उरलेल्या पैशातले 30 लाख पोस्टाच्या सिनियर सिटिझन स्कीममध्ये 8.2 टक्क्यांनी टाकलेत, तिथून दर तिमाहीला 61,500 गुपचूप खात्यात येतात, ना नळ गळतो ना सोसायटीची मीटिंग.

टॅक्समध्ये भाड्याला थोडा फायदा आहे, घरपट्टी वजा करून उरेल त्याच्या 30 टक्के सरसकट सूट मिळते, खर्च केला असो वा नसो. पण मेंटेनन्स वेगळा वजा होत नाही हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. फ्लॅट बायकोच्या एकटीच्या नावावर घेतला, महिलांना मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे म्हणून, पण पैसा माझा असल्यामुळे भाडं तिच्या खात्यात येऊनही टॅक्स मात्र माझ्याच रिटर्नमध्ये भरावा लागतो. सीएने आधीच सांगितलेलं, म्हणून नोटीस वगैरे भानगड नाही.

लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाडेकरूशी केलेला करार, रजिस्टर करायचा कंटाळा अजिबात करू नका, ओळखीचा माणूस असला तरी. महाराष्ट्रात ती जबाबदारी घरमालकाची आहे, आणि रजिस्टर नसेल तर वादात भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरतात, उलटं सिद्ध करायचं आपण. आता घरी येऊन अंगठा घेऊन ऑनलाइन होतं. पोलिसांना भाडेकरूची माहितीही लगेच देऊन टाकायची.

किंमत वाढेल असं सगळे म्हणतात, वाढेलही, पण ती विकल्याशिवाय खिशात येत नाही आणि हॉस्पिटलचं बिल भरायला नुसता किचन विकता येत नाही. ज्यांची सगळी जमा एवढीच 50-55 लाख आहे त्यांना मी तरी नको म्हणेन, माझं जमतंय ते दुसरा निम्मा बाजूला आहे म्हणून. अ‍ॅग्रीमेंट संपत आलंय, भाडं 5 टक्के वाढवून मागितलंय, भाडेकरू म्हणतो आधी गीझर बदला.