पहिला लाकूडलेथ : जेट जेडब्ल्यूएल-1221व्हीएस आणि त्याच्या जोडीची हत्यारे

लाकूड कातायला नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी काय घडवायचे ते ठरवावे आणि मोटरची अश्वशक्ती त्यानंतर पाहावी. लाटणे, रवी किंवा भोवरा एवढ्यावर भागणार असेल, तर 10 इंची स्विंगचा, म्हणजे जास्तीत जास्त 10 इंच व्यासाचे लाकूड फिरवू शकणारा, छोटा लेथ पुरतो. पण मनात पोळपाट किंवा मोठा वाडगा असेल, तर त्यावर नऊ-साडेनऊ इंची तुकडा चढवल्यावर हत्यार वळवायला जागा राहत नाही. अमेरिकेत मिळणाऱ्या जेट कंपनीच्या जेडब्ल्यूएल-1221व्हीएस या लेथचा स्विंग साडेबारा इंच आणि लाकूड दोन्ही टोकांना धरणाऱ्या सेंटरांमधले अंतर साडेवीस इंच असल्याने पोळपाट आणि लाटणे दोन्ही त्यावर निघतात. वजन सुमारे 55 किलो आहे. जिन्यावरून चढवताना ते नकोसे वाटेल, पण कंपन कमी राहते ते त्या वजनामुळेच.

माझ्या मते त्याची खरी किंमत वसूल होते ती वेगावरच्या ताब्यात. ओबडधोबड ओंडका पहिल्यांदा फिरवताना तो एका अंगाला जड असतो, आणि मिनिटाला 500 फेऱ्यांच्या खाली न उतरणाऱ्या लेथवर अशा वेळी सगळे टेबल थरथरते. येथे वेग 60 फेऱ्यांपासून 3600 पर्यंत, तीन टप्प्यांत मिळतो. टप्पा बदलण्यासाठी पट्टा हाताने सरकवावा लागतो, ही काहींना उणीव वाटेल. मला वाटत नाही, कारण खालच्या टप्प्यात 1 अश्वशक्तीच्या मोटरचा जोर वाढतो आणि मोठा वाडगा कातताना यंत्र अडत नाही.

लेथसोबत फेसप्लेट (लाकूड स्क्रूने बसवायची चकती) आणि सेंटर येतात, लाकूड पकडणारा चार जबड्यांचा चक मात्र वेगळा घ्यावा लागतो. स्पिंडलला, म्हणजे लेथच्या फिरणाऱ्या दांड्याला, 1 इंच व्यासाचे, इंचाला 8 असे आटे असल्याने बहुतेक कंपन्यांचे चक बसतात. हत्यारांचा मोठा संच घेऊ नये. हायस्पीड स्टीलच्या तीन गाऊज (पन्हळी पात्याची हत्यारे), म्हणजे ओबडधोबड लाकूड गोल करायची रफिंग गाऊज, लांबट कामाला आकार द्यायची स्पिंडल गाऊज, वाडग्यासाठीची बोल गाऊज, आणि काम कापून वेगळे करायचे पार्टिंग टूल एवढी सुरुवातीला पुरेत. रफिंग गाऊज लाटण्यासारख्या लांबट कामासाठीच असते; वाडग्यात घातली आणि लाकडात अडकली, तर मुठीजवळच्या बारीक भागात ती मोडू शकते.

उरलेला पैसा धारेवर घालावा. कमी वेगाचा 8 इंची ग्राइंडर, त्यावर पांढरा अॅल्युमिनियम ऑक्साइडचा दगड आणि कोन कायम राखणारा जिग नसेल, तर महागडे हत्यारही लाकूड कातण्याऐवजी ओरबाडते. सागवानात तर त्यातील सिलिकामुळे धार फार लवकर जाते. चष्म्यावर न भागवता पूर्ण चेहरा झाकणारी ढाल घ्यावी. भारतात परतताना हा लेथ सोबत आणू पाहणाऱ्यांनी त्याची मोटर 115 व्होल्टची आहे, हे आधीच लक्षात घ्यावे.